तारेवरचे बोट

जबलपूर शहराच्या जुन्या भागात दीक्षितपुरा नावाची दाट वस्ती आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नर्मदेच्या या खोऱ्यात मराठ्यांचा अंमल आला आणि १८१७ मध्ये तो संपला. परंतु त्या काळात आलेली, आणि पुढे नोकरीव्यवसायाच्या निमित्ताने येत राहिलेली मराठी कुटुंबे या शहरात रुजली. अशाच एखाद्या घरातील चौदा वर्षांच्या मुलीने उन्हाळ्याच्या सुटीत गिटार शिकावयास घेतली आहे, अशी कल्पना करावी. पहिला दिवस उत्साहात जातो. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताच्या चारही बोटांची टोके लाल होतात. तिसऱ्या दिवशी तारेला बोट टेकताच कळ येते, आणि आठवडा संपण्यापूर्वी वाद्य कपाटावर चढते. घरातील मंडळी म्हणतात, ‘हिची बोटेच नाजूक, हे वाद्य हिच्यासाठी नव्हे.’

या निष्कर्षाला काही आधार आहे काय, हे पाहण्यासारखे आहे. तंतुवाद्य सोडून देणाऱ्या कित्येकांनी ते पहिल्या महिन्यातच सोडलेले असते, आणि सोडताना आपल्या अंगी कला नाही अशी त्यांची समजूत झालेली असते. वस्तुतः त्या महिन्यात त्यांच्या कलेची परीक्षा झालेलीच नसते. परीक्षा झालेली असते ती त्वचेची, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या हाती आलेल्या वाद्याची.

प्रथम वाद्याकडे वळू. गिटारीच्या सर्वांत बारीक पोलादी तारेची जाडी साधारणतः ०.३ मिलिमीटर असते. घोडीपासून खुंट्यांच्या बाजूच्या खाचांच्या पट्टीपर्यंत तिची मोकळी लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर भरते. तिने सेकंदाला ३३० कंपने द्यावीत अशी अपेक्षा असते. लांबी, जाडी व कंपनसंख्या ठरली की तारेवरचा ताण किती असला पाहिजे हे गणिताने निश्चित होते. येथे तो सुमारे साडेदहा किलोग्रॅम येतो. सहाही तारांचा मिळून ताण सत्तर किलोग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे एक प्रौढ मनुष्य त्या पोकळ लाकडी पेटीला सतत लोंबकळत असावा, असा तो प्रकार आहे.

एवढ्या ताणलेल्या तारेला बोटाने खाली ढकलून पडद्यावर टेकवावयाचे असते. यास किती जोर लागतो हे ताणाबरोबरच आणखी दोन गोष्टींवर अवलंबून असते. तार पडद्यापासून किती उंच आहे ही एक, आणि जेथे दाबावयाचे ते ठिकाण तारेच्या आधारापासून किती दूर आहे ही दुसरी. कपडे वाळत घालण्याची दोरी ज्याने हाताळली आहे त्याला हे ठाऊक असते. दोरी मधोमध सहज खाली येते, परंतु खांबाजवळ तिला तेवढेच खाली ओढू गेल्यास हाताला रग लागते. गिटारीचा पहिला पडदा खाचांच्या पट्टीपासून अवघ्या ३६ मिलिमीटरवर असतो, म्हणजे अगदी खांबाजवळ. तेथे तारेची उंची अर्धा मिलिमीटर असली तर तार टेकवण्यास सुमारे दीडशे ग्रॅम जोर पुरतो. तीच उंची एक मिलिमीटर असली तर जोर थेट दुप्पट होतो.

अर्धा मिलिमीटर म्हणजे चारपाच कागदांची जाडी. स्वस्त वाद्य बनविताना खाचा पुरेशा खोल कापण्याची तसदी पुष्कळदा घेतलेली नसते, आणि नवशिक्याच्या हाती बहुधा असेच वाद्य येते. शिवाय आरंभीचे सारे धडे पहिल्या तीन पडद्यांवर असतात. तेव्हा सर्वांत कोवळ्या बोटांनी, सर्वांत वाईट वाद्यावर, सर्वांत कठीण जागी दाबावयाचे, असा हा विचित्र योग जुळून येतो. जाणत्या कारागिराकडून या खाचा योग्य तेवढ्या खोल करून घेतल्या, तर एका दुपारी जो फरक पडतो तो महिनाभराच्या सहनशीलतेनेही पडत नाही.

आता हा जोर त्वचेच्या किती भागावर पडतो ते पाहावे. तारेची रुंदी ०.३ मिलिमीटर आणि बोटाखाली आलेली तिची लांबी सुमारे एक सेंटिमीटर धरली, तर क्षेत्रफळ अवघे तीन चौरस मिलिमीटर होते. त्यावर तीनशे ग्रॅम भार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोग्रॅम दाब. मोटारीच्या टायरमधील हवेचा दाब साधारणतः दोन किलोग्रॅम असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. प्रत्यक्षात मांसल बोट तारेच्या दोहो बाजूंनी दबते व आधार रुंदावतो, त्यामुळे खरा दाब याहून काहीसा कमी असतो. परंतु नवशिका मनुष्य आवश्यक जोराच्या कित्येक पट जोर लावीत असतो, हेही विसरून चालणार नाही. नायलॉनच्या तारेची गोष्ट निराळी आहे. तिच्या सर्वांत बारीक तारेची जाडी सुमारे ०.७ मिलिमीटर आणि ताण सुमारे सात किलोग्रॅम. उंची तेवढीच असली तर त्वचेवरील दाब पोलादी तारेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भरतो.

पोलादी तारांचेच वाद्य घरात असेल तर दोन उपाय फुकटचे आहेत. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून सर्व तारा दोन अर्धस्वरांनी उतरवून लावल्या तर ताण सुमारे एक पंचमांशाने घटतो आणि तारांचे परस्परसंबंध मात्र तसेच राहतात. एकट्याने सराव करणाऱ्यास यात काहीच गमवावे लागत नाही. दुसरा उपाय बोट ठेवण्याच्या जागेचा. बोट दोन पडद्यांच्या मधोमध न ठेवता, ज्या पडद्यावर तार टेकवावयाची त्याच्या अगदी पाठीशी, पण त्यावर न चढता, ठेवावे. कावडीचे ओझे मध्यावर असले तर दोन्ही खांद्यांवर सारखे पडते. ते एका खांद्याकडे सरकविले तर बहुतेक भार त्या खांद्यावर येतो. बोटाच्या दाबाचेही तसेच आहे. बोट मागे राहिले तर निम्मा जोर मागच्या बाजूला वाया जातो, तार पडद्यावर सैल टेकते व खरखरते. विद्यार्थी खरखर ऐकून आणखी जोराने दाबतो. जागा चुकलेली असते आणि शिक्षा त्वचेला होते.

किती जोर पुरेसा आहे हे ज्याचे त्याला पाच मिनिटांत शोधता येते. बोट तारेवर नुसते टेकवून दुसऱ्या हाताने तार छेडीत राहावे. आधी केवळ ठक् असा मुका आवाज येईल. मग दाब अगदी सावकाश वाढवावा. प्रथम खरखर येते, नंतर एका क्षणी स्वर स्वच्छ होतो. तेथेच थांबावे. त्या क्षणापुढचा जोर स्वरात काहीही भर घालीत नाही. उलट तार अधिक ताणली जाऊन स्वर किंचित चढतो. बहुतेकांना हा प्रयोग करताना आश्चर्य वाटते, कारण आपण नित्य किती अधिक दाबतो हे तेव्हाच प्रथम उमगते. बोटाची शेवटची दोन पेरी वाकवून, नखे कापलेल्या टोकाने, शक्य तितके उभे दाबावे. आडवे पडलेले बोट शेजारच्या तारांना लागते आणि त्याचा मऊ, मांसल भाग घासला जातो.

वाद्य नीट लावले आणि बोट नीट ठेवले, तरीही काही दिवस टोके दुखणारच. हा उरलेला भाग त्वचेचा. त्वचेचा बाहेरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, ही खालून वर सतत सरकणारी पेशींची रांग आहे. तळाशी नव्या पेशी जन्मतात. वर सरकता सरकता त्या चपट्या होतात, नखे, केस व शिंगे ज्या प्रथिनाची बनतात त्या केराटिनाने भरतात, मरतात आणि शेवटी सर्वांत वरच्या शृंगस्तरातून कोंड्यासारख्या गळून पडतात. या प्रवासास सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. पापणीवरील बाह्यत्वचा मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी पातळ असते, तर तळव्यांवरील तिच्या कितीतरी पट जाड असते. बोटांची टोकेही या जाड त्वचेतच मोडतात. म्हणजे ‘नाजूक बोटे’ म्हणून ज्यांची कीव केली जाते त्या बोटांना निसर्गाने आधीच चिलखत दिलेले आहे.

एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब व घर्षण होऊ लागले की तळच्या पेशी अधिक वेगाने विभागू लागतात आणि वरच्या पेशी लवकर गळून न पडता एकमेकींना चिकटून राहतात. आवक वाढली आणि जावक घटली की साठा होतो. या साठ्यालाच घट्टा म्हणतात. त्यात नवे असे काही नसते, नेहमीचाच शृंगस्तर अधिक जाड झालेला असतो. तारेचा भार तो रुंद भागावर पसरवितो, म्हणून खालच्या जिवंत थरातील मज्जातंतूंची टोके पूर्वीइतकी चेपली जात नाहीत. मज्जातंतू मरतात, ही समजूत चुकीची आहे. कसलेल्या वादकालाही तारेचा स्पर्श कळतोच, आणि तो कळला नाही तर त्याला वाजविताच येणार नाही.

संस्कृतात घट्ट्याला किण असा शब्द आहे. धनुष्याच्या दोरीने योद्ध्याच्या हातावर उमटलेला किण हा कवींनी पराक्रमाची खूण म्हणून वर्णिला. ‘शाकुंतला’तील दुष्यंताच्या बाहूवरही तो आहे. ताणलेली दोरी आणि माणसाचे कातडे यांचा संबंध एवढा जुना आहे. मात्र असे घट्टे राजांपुरते कधीच नव्हते. जबलपूर भागात विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या बोटांवर, भेडाघाटास संगमरवर कोरणाऱ्यांच्या तळहातांवर, आणि दीक्षितपुऱ्यातील त्या मुलीच्या आजीच्या, वर्षानुवर्षे विळीवर भाजी चिरलेल्या तर्जनीवरही ते सापडतील. ज्या घरात अशी तर्जनी आहे तेथे नातीची बोटे जन्मतः नाजूक असल्याचे सांगितले जावे, हे नवलच.

घट्टा आणि फोड ही एकाच कारणाची दोन भिन्न फळे आहेत. त्वचेवर आडवे घर्षण फार वेळ सलग होत राहिले तर बाह्यत्वचेच्या मधल्या थरातील पेशी एकमेकींपासून फाटतात आणि त्या फटीत पाणी साचते, तोच फोड. १९५५ मध्ये इंग्लंडमधील संशोधक नेलर यांनी माणसांच्या त्वचेवर मुद्दाम घर्षण करून या प्रक्रियेचा अभ्यास केला. त्यातून आणि पुढच्या प्रयोगांतून असे दिसून आले की किंचित ओलसर त्वचेवर घर्षण सर्वांत अधिक होते, अगदी कोरड्या किंवा पाण्याने निथळणाऱ्या त्वचेवर ते कमी असते. जबलपूरच्या मे महिन्यात घामेजलेल्या बोटांनी तासभर तार दाबीत बसणे म्हणजे फोडाला आमंत्रण. घट्टा तयार होण्यास उत्तेजन लागते, इजा नव्हे. फोड आला की ते काम थांबते आणि त्वचा आधी दुरुस्तीला लागते.

यावरून सरावाचे वेळापत्रक आपोआप ठरते. एका बैठकीत तासभर वाजविण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटांच्या तीन-चार बैठका दिवसभरात पसराव्या. टोके लाल होऊन हुळहुळू लागली की थांबावे. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यानंतर लगेच वाजवू नये, कारण पाणी शोषून शृंगस्तर फुगतो व मऊ पडतो. घाम पुसण्यास जवळ सुती फडके ठेवावे. बोटे आणि तारा दोन्ही पुसाव्या, कारण पावसाळ्यात पोलादी तारा गंजतात आणि गंजलेली तार कानशीसारखी कातडे खरवडते. त्याच दिवसांत दमट हवेने वाद्याचे लाकूड फुगून तारा वर उचलल्या जातात; जून-जुलैत एकाएकी बोटे पुन्हा दुखू लागली तर दोष सरावाचा न मानता तारांची उंची तपासावी. फोड आलाच तर तो फोडू नये. आतले पाणी शोषले जाईपर्यंत त्या बोटाला सुटी द्यावी. स्पिरिट किंवा शिरक्यात बोटे बुडवून कातडे लवकर राठ करण्याचे जे उपाय सांगितले जातात त्यांनी त्वचा कोरडी पडून भेगाळते, आणि भेगेत तार रुतणे हे फोडाहूनही वाईट. घट्ट्याची कड सुटू लागल्यास ती दातांनी ओढू नये. नखे घासण्याच्या कानशीने सपाट करावी. साधारणतः दोन ते चार आठवड्यांत दुखणे ओसरते. घट्टा बाहेरून दिसलाच पाहिजे असे नाही. पुष्कळ चांगल्या वादकांची टोके केवळ गुळगुळीत व टणक लागतात. फार जाड, खडबडीत घट्टा बहुधा अनावश्यक जोराचा पुरावा असतो.

ज्यांच्याकडे तंतुवाद्यांची जुनी परंपरा आहे त्यांनी या प्रश्नाचा विचार आपापल्या परीने केलेला आहे. जबलपूरहून रेल्वेने सुमारे दीडशे किलोमीटरवर मैहर आहे. तेथे १९१८ पासून १९७२ मधील मृत्यूपर्यंत उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे वास्तव्य होते, आणि रविशंकर, अली अकबर खाँ, निखिल बॅनर्जी यांचे हात तेथे घडले. सतारीच्या बोटांची कसोटी गिटारीपेक्षा कठीण असते. मींड घेताना पोलादी तार दाबून ठेवूनच पडद्यावर आडवी खेचावी लागते, म्हणजे उभा दाब आणि आडवे घर्षण एकाच वेळी. म्हणून सतारिये जवळ तेलात भिजविलेला कापसाचा बोळा ठेवतात व अधूनमधून बोटे त्यावर टेकवितात. घर्षण कमी करण्याची ही रीत प्रयोगशाळेच्या फार पूर्वीची. तरीही त्यांच्या तर्जनीवर तारेची काळसर रेघ उमटतेच. सरोदाला पडदे नसतात. तेथे काही वादक नखाच्या कडेने तार दाबतात आणि कातड्याऐवजी नखाला खाचा पडतात.

गंमत अशी की आपल्या शास्त्रीय संगीतात गिटार शिरली ती बोटांच्या टोकांना पूर्ण वगळून. ब्रिजभूषण काब्रा यांनी १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत जी गिटार वाजविली, किंवा विश्वमोहन भट्ट यांना १९९४ चे ग्रॅमी पारितोषिक मिळाले ती मोहनवीणा, ही वाद्ये मांडीवर आडवी ठेवून तारांवर गुळगुळीत धातूचा दांडू सरकवून वाजवितात. तार पडद्यापर्यंत दाबावीच लागत नाही, त्यामुळे डाव्या हाताच्या टोकांवर घट्टे पडण्याचे कारण उरत नाही. ज्याला मधुमेहामुळे किंवा अन्य विकारामुळे बोटांची जखम लवकर भरत नाही, त्याने डॉक्टरांचा सल्ला घेऊन या पद्धतीचा विचार करण्यास हरकत नाही.

येथवर जे दुखणे सांगितले ते टोकांच्या कातड्याचे, आणि ते सोसण्याजोगे आहे. मनगटात, अंगठ्याच्या मुळाशी किंवा कोपराखाली होणारी वेदना मात्र या जातीची नव्हे. रात्री बोटांना मुंग्या येणे, पकड सैल होणे, वाद्य खाली ठेवल्यावरही तासन्‌तास ठणकत राहणे ही स्नायुबंध व मज्जातंतू यांच्यावर ताण पडल्याची लक्षणे होत. कातडे जाड होऊन जसे तगते, तसे स्नायुबंध घट्टे धरीत नाहीत. त्यांच्या बाबतीत ‘सोसले की सवय होते’ हा उपदेश घातक ठरतो. अशा वेळी वाजविणे थांबवावे आणि दुखणे न ओसरल्यास डॉक्टरांकडे जावे. याचे एक नित्याचे कारण म्हणजे अंगठा. तो दांडीच्या पाठीमागे हलका टेकलेला असावा. चिमटा घट्ट आवळल्याप्रमाणे तो दाबला गेला की सारा हात ताठरतो.

सरावाने केवळ कातडेच बदलते असे नाही. १९९५ मध्ये जर्मनीतील टॉमस एल्बर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ तंतुवाद्यवादकांच्या मेंदूची तपासणी केली. सहा व्हायोलिनवादक, दोन चेलोवादक आणि एक गिटारवादक. डाव्या हाताच्या बोटांच्या स्पर्शाची नोंद घेणारा मेंदूच्या पृष्ठावरील भाग या मंडळींत वाद्य न वाजविणाऱ्यांपेक्षा अधिक विस्तृत आढळला. अंगठ्याच्या बाबतीत, ज्याला तारेवर नाचावे लागत नाही, हा फरक कमी होता. आणि ज्यांनी लहानपणी शिकण्यास आरंभ केला होता त्यांच्यात तो अधिक होता. नमुना लहान असला तरी पुढील संशोधनास या निष्कर्षाने मोठी चालना दिली.

दीक्षितपुऱ्यातील त्या मुलीला शाळेच्या परीक्षेसाठी दोन महिने वाद्य बाजूला ठेवावे लागले, तर तिच्या टोकांवरचा शृंगस्तर नेहमीच्या गतीने झडून जाईल व बोटे पूर्वीसारखी मऊ होतील. परीक्षा संपल्यावर पहिले तीनचार दिवस ती पुन्हा हुळहुळतील. मात्र पडद्याच्या पाठीशी नेमके कोठे टेकावयाचे आणि किती दाबावयाचे, हे तिला या वेळी शोधावे लागणार नाही.